चान्स घेताय? औषधांच्या आधी दोघांनी करायची तयारी

गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यात, ‘यंदा चान्स घेऊ’ असं दोघांचं ठरलंय, पण पुढे नेमकं काय करायचं हे कुणाला विचारावं ते कळत नाही, अशांसाठी हे लिहितेय. आम्ही यातून गेलो तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. सासरच्या मावशींनी शतावरी सांगितली, ऑफिसातल्या मैत्रिणीनं ॲप सांगितलं, सोसायटीतल्या काकूंनी एका देवीला ओटी भरायला सांगितली. पण एकाही सल्ल्यात नवरा नव्हता. मूल राहायला वेळ लागतोय अशा जोडप्यांत निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाकडच्या कारणाचा काही ना काही वाटा असतो, तरी घरात काढा पिते ती एकटी बाईच. तेव्हा खालची प्रत्येक पायरी दोघांनी वाचायची आहे. ‘तू वाच आणि मला सांग’ हे चालणार नाही.

मी डॉक्टर नाही. यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याविरुद्ध जात असेल, तर त्यांचं ऐका.

१. सगळ्यात आधी मुदत ठरवा

घरगुती उपाय किती दिवस करायचे याची तारीख सुरुवातीलाच कॅलेंडरवर लिहा. बाईचं वय ३५ च्या आत असेल तर नियमित संबंध ठेवून एक वर्ष. ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने. चाळिशी उलटली असेल तर थांबूच नका, प्रयत्न सुरू करतानाच डॉक्टरांना भेटा. ‘नैसर्गिक उपाय करतोय’ म्हणत दोन-तीन वर्षं काढणारी जोडपी मी पाहिली आहेत. वय वाढलं की स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत दोन्ही उतरतात, आणि ते कुठल्याही आहारानं परत येत नाहीत.

दुसऱ्या टोकाला तिसऱ्याच महिन्यात रडायला बसणारेही असतात. सगळं ठीक असलेल्या तरुण जोडप्यातही एका पाळीत दिवस राहण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्के असते. वर्षभरात शंभरातल्या ऐंशीहून जास्त जोडप्यांना यश येतं. म्हणजे चार-पाच महिने काहीच न होणं हे अगदी सर्वसाधारण आहे.

पुढच्यांपैकी काही असेल तर मात्र वर्षभर वाट बघू नका: पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांच्या पुढे येते, पाळीत अंथरुण धरावं लागेल इतकं दुखतं, पूर्वी टीबी होऊन गेलाय, ओटीपोटाचं ऑपरेशन किंवा जंतुसंसर्ग झालाय, आधीचा गर्भ नळीत राहिला होता. आपल्याकडे टीबीमुळे गर्भनलिका बंद झाल्याचं अजूनही सापडतं, त्यामुळे कॉलेजात असताना झालेला टीबीही डॉक्टरांना सांगायचा. नवऱ्याच्या बाजूनं बघायचं तर वयात आल्यावर गालगुंड झाले होते का, लहानपणी अंडकोष खाली न उतरल्याचं ऑपरेशन झालं होतं का, हे सासूबाईंना विचारून घ्या. त्याला स्वतःला बहुधा आठवत नसतं.

गोळ्या किंवा कॉपर-टी बंद केल्यावर पाळीचं चक्र बहुतेकींचं लवकर रुळावर येतं. तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचं तसं नाही. सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ म्हणून मिळतं ते इंजेक्शन घेत असाल, तर शेवटच्या डोसनंतर सात ते दहा महिने लागू शकतात. तो उशीर दोष समजू नका.

२. पहिल्या महिन्यातल्या तपासण्या

लॅबवाले ऐंशी-नव्वद तपासण्यांचं पॅकेज गळ्यात मारतात. सुरुवातीला एवढं लागत नाही. डॉक्टरांशी बोलून साधारण एवढं करा:

- हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर (एचबीए१सी), थायरॉइडची टीएसएच
- बी१२ आणि ड जीवनसत्त्व
- रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे का ते. नसेल तर लस घ्यायची, आणि लस घेतल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत
- थॅलेसेमियाचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) वाहक आहोत का, याची दोघांपैकी एकाची तरी तपासणी
- नवऱ्याची साखर आणि वजन. वीर्यतपासणीवर पाचव्या पायरीत सविस्तर लिहिलंय

थॅलेसेमियाची तपासणी बरेच जण गाळतात. वाहक माणसाला स्वतःला काही त्रास नसतो, पण दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर (या आजाराचा गंभीर प्रकार) होण्याची शक्यता चारात एक असते. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आढळतं, पण इतरांनी निर्धास्त राहावं असं नाही.

आता सापळा. हल्ली एएमएच (अंडाशयात किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ही तपासणी कुणीही उठून करून घेतं आणि आकडा कमी आला की झोप उडते. ही तपासणी आयव्हीएफमध्ये (टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारात) किती बीजं मिळतील याचा अंदाज घ्यायला उपयोगी आहे. ज्यांनी नुकताच प्रयत्न सुरू केलाय त्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे त्यावरून कळत नाही.

दोघंही रोज घेत असलेल्या औषधांची यादी करून डॉक्टरांना दाखवा. मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनोइन, फिट्सची व्हॅल्प्रोएट, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात. पण फिट्सची किंवा थायरॉइडची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, बदलून मिळते.

३. फॉलिक ॲसिड, आणि पुण्यातच कळलेली बी१२ ची गोष्ट

फॉलिक ॲसिड दिवस राहिल्यावर सुरू करायचं असतं, असा अनेकींचा समज आहे. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येतंय तोवर ते काम उरकत आलेलं असतं. म्हणून किमान एक महिना, जमलं तर तीन महिने आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायचं. केमिस्टकडे नुसतं ‘फॉलिक द्या’ म्हटलं तर बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते, म्हणजे बारा पटीहून जास्त. मधुमेह, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळात मणक्याचा दोष असेल तर डॉक्टर तीच देतात. बाकीच्यांनी स्ट्रिपवरचा आकडा वाचून घ्यावा.

फॉलिकसोबत बी१२ कडे लक्ष द्या असं मी आग्रहानं सांगते, कारण हा अभ्यास आपल्याच जिल्ह्यातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. जवळपास दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांच्या रक्तात बी१२ कमी होतं. आईचं फॉलेट भरपूर आणि बी१२ कमी असेल, तर मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. बी१२ प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असतं. घर शाकाहारी असेल तर दूध-दही रोज हवं, आणि तपासणीत कमी आलं तर नवरा-बायको दोघांनी गोळी किंवा इंजेक्शन घ्यावं.

४. नेमके दिवस ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अंडाशयातून स्त्रीबीज, म्हणजे अंडं, सुटल्यावर ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळे दिवस राहू शकतात ते फक्त सहा दिवसांत: अंडं सुटायच्या आधीचे पाच आणि तो एक. त्यातही आधीचे दोन-तीन दिवस सगळ्यात चांगले. अंडं सुटून गेल्यावर जागं होण्यात काही अर्थ नाही.

‘पाळी सुरू झाल्याचा दिवस पहिला धरून चौदाव्या दिवशी अंडं सुटतं’ हे सगळ्यांना लागू नाही. अंडं पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. चक्र २८ दिवसांचं असेल तर तो चौदावा दिवस, ३५ चं असेल तर एकविसावा. सहा महिन्यांच्या तारखा लिहून काढा. सगळ्यात लहान चक्रातून १८ वजा करा, सगळ्यात मोठ्यातून ११. समजा चक्रं २६ ते ३२ दिवसांची आहेत, तर आठव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंतचा काळ तुमचा. त्या काळात एक दिवसाआड संबंध आले की हिशेब संपला. फोनवरचं ॲप हेच गणित करतं, फक्त चक्र अनियमित असलं तरी ठामपणे एक तारीख दाखवतं.

शरीरही सांगतं. अंगावरून जाणारा स्राव एरवी कोरडा किंवा चिकट असतो. ते दिवस जवळ आले की तो पारदर्शक, निसरडा होतो, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा दोन बोटांत ताणला जातो. असा स्राव दिसला की त्याच दिवशीपासून.

ओव्ह्युलेशन किट (अंडं सुटायचा दिवस लघवीवरून ओळखणारी पट्टी) वापरायचं तर दुपारी किंवा संध्याकाळी लघवी तपासा, आधीचे दोन तास ढसाढसा पाणी पिऊ नका. दोन्ही रेषा सारख्या गडद आल्या की साधारण २४ ते ३६ तासांत अंडं सुटतं. पीसीओडी (हार्मोनच्या बिघाडानं पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर हे किट दिवसेंदिवस खोटी आशा दाखवू शकतं, पैसे घालवू नका. सकाळी उठल्या उठल्या तापमान मोजायची पद्धतही आहे, पण तापमान चढतं ते अंडं सुटल्यानंतर. त्यामुळे त्या महिन्याला उपयोग नाही, फक्त बीज सुटतंय एवढं कळतं.

पुण्यातली एक खास अडचण म्हणजे शनिवार-रविवारची जोडपी. एक जण मुंबईला नोकरीला, शुक्रवारी रात्री येणार, सोमवारी पहाटे निघणार. किंवा दोघंही इथेच, पण एकाची हिंजवडीत रात्रपाळी आणि दुसऱ्याची खराडीत दिवसपाळी. अशा घरात ते सहा दिवस महिनोन्‌महिने कामाच्या वारांवर पडतात आणि मग ‘वर्ष झालं, काही होत नाही’ अशी तक्रार सुरू होते. त्या आठवड्यात दोन दिवस घरून काम मागून घ्या. कारण सांगायची गरज नाही.

‘साठवून ठेवा, मग चांगलं होतं’ हा सल्ला चुकीचा आहे. फार दिवसांचा खंड पडला तर शुक्राणूंची हालचाल उलट मंदावते. नंतर पाय भिंतीला लावून पडून राहायचीही गरज नाही. दुकानातली बरीच लुब्रिकंट आणि लाळसुद्धा शुक्राणूंना मानवत नाही, एवढं लक्षात असू द्या. स्कूटर चालवल्यानं दिवस राहत नाहीत असंही काही नाही. तसं असतं तर पुणं कधीच ओस पडलं असतं.

५. नवऱ्याची वीर्यतपासणी: टाळू नका, लांबवू नका

सुई नाही, ॲडमिट होणं नाही, आणि बायकोच्या तपासण्यांच्या मानानं खर्चही किरकोळ. तरी ही तपासणी सगळ्यात शेवटी होते. प्रयत्न सुरू करून सहा महिने झाले की करून टाका. आधीचा काही इतिहास असेल तर पहिल्याच महिन्यात.

तयारी अशी: आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना लॅबनं दिलेल्याच डबीत, साबण-तेल काही न लावता, पूर्ण यायला हवा. पहिला थोडा सांडला तर तसं सांगायचं, कारण शुक्राणू त्यातच जास्त असतात. लॅबच्या खोलीत जमत नसेल तर घरून नेता येतो, पण तासाभराच्या आत पोचवायचा आणि थंड होऊ द्यायचा नाही. माझा नवरा शर्टाच्या आतल्या खिशात डबी ठेवून, वर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून मे महिन्यात कर्वे रोडनं गेला होता. सिग्नलला शेजारचा गाडीवाला ‘काय ताप आलाय का?’ म्हणून विचारत होता. डबीवर नाव आणि नमुना घेतल्याची वेळ लिहायला विसरू नका.

रिपोर्ट वाचायला जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे किमान आकडे असे: प्रमाण १.४ मिली, दर मिलीला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. ४ टक्के वाचून घाबरू नका, तेवढं पुरतं. एका वाईट रिपोर्टवर काही ठरवू नका, पुन्हा करा. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे पावसाळ्यात डेंगी-चिकुनगुन्याचा ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन-तीन महिने आकडा खाली दिसू शकतो. आज सोडलेल्या सिगारेटचा फायदाही तेवढ्याच उशिरानं दिसतो.

त्यानं काय सोडायचं: सिगारेट, हुक्का, गुटखा, मावा, दारू. लॅपटॉप मांडीवर घेणं आणि रोजचं कढत पाण्याचं टबस्नान किंवा स्टीम, कारण अंडकोषांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमीच तापमान लागतं. आणि जिममध्ये मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. ताकद वाढेल म्हणून घेतात आणि त्यानंच शुक्राणू बनणं थांबतं, कधी कधी आकडा शून्यावर जातो. घेत असेल तर डॉक्टरांना खरं सांगायला लावा.

६. ताट, वजन, चहा

बाईनंही तंबाखू सोडायची, आणि मिश्री ही तंबाखूच आहे. ‘मी फक्त दात घासते’ म्हणणाऱ्या कितीतरी जणी आपल्या ओळखीत असतील.

खाण्यात जादूचा पदार्थ कुठलाच नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-चवळीची उसळ, मंडईतली ताजी पालेभाजी, दही, शेंगदाणे, जवसाची चटणी, चालत असेल तर अंडी आणि मासे: आपलं जुनं ताटच पुरतं. बेकरीचं, तळलेलं आणि गोड कमी करा. चहा-कॉफीतून दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, म्हणजे अमृततुल्यचे दोन-तीन छोटे कप बिनधास्त.

पीसीओडी आणि जास्त वजन असेल तर ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी अनेकींची पाळी आणि बीज सुटणं नियमित होतं. सत्तर किलो वजन असेल तर साडेतीन ते सात किलो. पंधरा किलो उतरवायचं दडपण घेऊ नका. उलट वजन फारच कमी असेल तरी बीज सुटणं थांबतं, तिथे उपास-तापास बंद. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, जवळ असेल तिथे आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाला. दोघांनी.

७. पुड्या, काढे, जाहिराती

कागदात बांधलेली, नाव नसलेली पावडर कुणीही दिली तरी घेऊ नका. अशा पुड्यांत आणि काही भस्मांत शिसं-पाऱ्यासारखे धातू सापडले आहेत. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे तर पदवीधर वैद्यांकडे जा, बिल आणि औषधाचं नाव मागा आणि ते ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनाही दाखवा. अश्वगंधा साधी वाटते, पण थायरॉइडच्या गोळीसोबत ती गडबड करू शकते आणि यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत.

‘मुलगाच होईल’ म्हणून दिलं जाणारं औषध दिसलं तर उठून निघा. बाळाचं लिंग पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं, पुडीवर नाही. गर्भलिंगनिवडीची जाहिरात करणं १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. मावशींना समजावताना कायद्याचं नाव घेतलं की वाद लवकर संपतो, हा माझा अनुभव. ‘अगं, बाहेरून आणलंय, नेऊन ठेव तरी’ म्हणाल्या, पण पुन्हा विषय काढला नाही.

८. पाळी चुकली तर

ठरलेल्या तारखेनंतरच घरी टेस्ट करा. चार दिवस आधी करून निगेटिव्ह आली की उगाच महिना वाईट जातो. पॉझिटिव्ह आल्यावर एका बाजूला जोरात दुखायला लागलं, चक्कर आली किंवा रक्तस्राव झाला तर थेट रुग्णालयात जा. गर्भ नळीत असू शकतो.

९. मुदत संपली की फाइल बनवा

पहिल्या पायरीत लिहिलेली तारीख आली की डॉक्टर गाठा. पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत ससून, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू आणि पिंपरीतलं वायसीएम इथे स्त्रीरोग विभाग आहेत. केस पेपरसाठी सकाळी लवकर रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. खासगीत आययूआय (वीर्य नळीनं थेट गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफचं बोलणं निघालं तर ते केंद्र अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे प्रमाणपत्र मागून बघा. पहिल्याच भेटीत, नवऱ्याचा रिपोर्टही न बघता पॅकेजचे दर पुढे करणाऱ्यांकडून दुसरीकडे जा.

फाइलमध्ये ठेवायचं:

- दोघांचं आधार कार्ड आणि लग्नाचा दाखला
- सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, एका कागदावर
- आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, जुनी सोनोग्राफी, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड
- दोघांच्या औषधांची यादी, आयुर्वेदिक आणि जिमची धरून
- वीर्यतपासणीचा रिपोर्ट, सगळ्यात वर

हार्मोनच्या काही तपासण्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच करतात. गर्भनलिका उघड्या आहेत का ते बघणारा एक्स-रे पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत होतो, आणि त्या महिन्यात तोवर संबंध टाळायचे असतात. म्हणून अपॉइंटमेंटसाठी फोन करतानाच रिसेप्शनला पाळीची अंदाजे तारीख सांगा, आणि त्या दिवशीची रजा दोघांनीही टाका.